आवाज न करणारा, कमी विजेचा एसएसडी सर्व्हर: एन१००, आय३ की रायझन प्रोसेसर?

घरातील फोटो, व्हिडिओ, कागदपत्रांच्या स्कॅन प्रती आणि संगणकांचे बॅकअप एका जागी ठेवणारा सर्व्हर चोवीस तास चालू राहणार असेल आणि दोन-तीन खोल्यांच्या घरात तो झोपण्याच्या खोलीतच ठेवावा लागणार असेल, तर फिरत्या हार्ड डिस्क वगळून केवळ एसएसडी वापरणे योग्यच आहे. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत असतानाही साधारण चार ते सात वॉट घेते, तर स्वस्थ असलेली साटा (केबलने जोडायच्या नेहमीच्या प्रकारची) एसएसडी वॉटचा अगदी लहान अंश घेते. त्यामुळे चार डिस्कच्या जागी चार एसएसडी आल्या की विजेचा हिशेब जवळजवळ पूर्णपणे उरलेल्या भागांवर येऊन पडतो, आणि निवडीतील खरी चूक इथेच होते. प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेले वॉट पाहून निर्णय घेतला जातो. प्रत्यक्षात असा सर्व्हर दिवसाचा बहुतेक काळ रिकामाच असतो आणि त्या वेळी तो किती वीज घेईल हे प्रोसेसरला गाढ निद्रावस्थेत जाऊ देणाऱ्या किंवा न देणाऱ्या इतर भागांवर ठरते. सतत जळणारे १० वॉट म्हणजे वर्षाला सुमारे ८८ युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ही युनिट नेहमी तुमच्या सर्वांत महाग टप्प्यात मोजली जातात, हेही ध्यानात घ्यावे.

भाग निवडण्याआधी घरातील नेटवर्कचा वेग ठरवावा. १ गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट, २.५ गिगाबिटवरून सुमारे २८० आणि १० गिगाबिटवरून सुमारे ११०० मेगाबाइट जातात. एकच साटा एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास वाचून देते, म्हणजे २.५ गिगाबिटची जोडणी ती एकटी पूर्ण भरून टाकते. ज्यांचा राउटर आणि स्विच १ किंवा २.५ गिगाबिटचा आहे, त्यांना फायली हलवताना एनव्हीएमईच्या (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या, साटाहून वेगवान एसएसडीच्या) अधिक वेगाचा काहीही उपयोग होत नाही. एनव्हीएमईचे खरे लाभ म्हणजे केबल लागत नाहीत आणि पेटी अगदी लहान होते.

आता मुख्य निवड. २०२३ साली आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा आणि ६ वॉटचा प्रोसेसर बहुतेक वेळा मदरबोर्डवरच जोडलेला मिळतो आणि पंख्याशिवाय चालू शकतो. त्याच्या मर्यादा मात्र आधी समजून घ्यायला हव्यात. त्याच्याकडे तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या (एसएसडी आणि कार्डे प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त नऊ लेन, म्हणजे मार्गिका, आहेत, मेमरीची एकच वाहिनी आहे आणि अधिकृत मर्यादा १६ जीबीची आहे. चार एनव्हीएमई जोडायच्या तर प्रत्येकीला बहुधा एकच लेन मिळते. एका लेनवरून सेकंदाला ९०० मेगाबाइटच्या आसपास जात असल्याने २.५ गिगाबिटच्या घरासाठी ते पुरेसे आहे. या वर्गातील स्वस्त बोर्डांवर साटा पोर्ट वेगळ्या चिपवर असतात, आणि ती चिप कोणती आहे हे विकत घेण्याआधी विचारलेच पाहिजे. जेएमबी५८५ ही पाच पोर्टची चिप अनेकदा प्रोसेसरला गाढ निद्रावस्थेत जाऊ देत नाही, तर एएसएम११६६ ही सहा पोर्टची चिप या बाबतीत बरीच समंजस आहे. सहा वॉटचा प्रोसेसर घेऊन या एका चिपपायी अनेक वॉट घालवणे मला फार खटकते.

२०२२ च्या आरंभी आलेल्या इंटेलच्याच आय३-१२१०० च्या खोक्यावर ६० वॉट लिहिलेले असतात आणि त्यामुळे पुष्कळ जण तो विचारातच घेत नाहीत. परंतु पूर्ण भाराखालचा तो आकडा रिकाम्या वेळेबद्दल काही सांगत नाही. साधा, कमी अतिरिक्त चिप असलेला बोर्ड आणि योग्य पॉवर सप्लाय असेल तर त्यावर उभारलेला सर्व्हर रिकामा असताना एन१०० च्या तुलनेत काही वॉटच जास्त घेतो, आणि त्या मोबदल्यात कितीतरी अधिक लेन, मेमरीच्या दोन वाहिन्या, चिपसेटचेच (बोर्डवरील मुख्य साहाय्यक चिपचेच) साटा पोर्ट आणि पुढे १० गिगाबिटचे कार्ड लावण्याची जागा मिळते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: बी६६० आणि एच६१० चिपसेटच्या बोर्डांवर मोठ्या स्लॉटच्या लेन विभागता येत नाहीत, त्यामुळे चार एनव्हीएमई बसणारे साधे कार्ड लावले तर त्यातली एकच दिसते.

एएमडीच्या बाजूने रायझन ५ ५६००जी विचारात घेण्याजोगा आहे, कारण तो सिलिकॉनच्या एकाच चकतीचा असल्याने रिकाम्या वेळी कमी वीज घेतो. साध्या ५६०० मध्ये बाहेरच्या जोडण्या सांभाळणारी स्वतंत्र आय/ओ चकती असते, तिच्यामुळे रिकाम्या वेळचा खर्च वाढतो, शिवाय ग्राफिक्सही नसते. ५६००जी चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी वापरू देत नाही. ती हवी असेल तर प्रो मालिकेतील ५६५०जी शोधावा. झेडएफएस (डेटा तपासत राहणारी फाइल प्रणाली) वापरणाऱ्यांना ईसीसी असणे चांगले, पण ती नाही म्हणून घरचा सर्व्हर उभारूच नये असे मला वाटत नाही.

एसएसडीमध्ये टीएलसी (एका पेशीत तीन बिट) की क्यूएलसी (चार बिट) हा प्रश्न टिकाऊपणावरून चर्चिला जातो, पण घरासाठी तो वेगाचा प्रश्न आहे. सॅमसंगच्या ४ टीबी ८७० इव्होला (टीएलसी) २४०० टीबी लिहिण्याची हमी आहे आणि त्याच क्षमतेच्या ८७० क्यूव्हीओला (क्यूएलसी) १४४० टीबीची. रोज ५० जीबी लिहिले तरी वर्षाला १८ टीबी होतात, म्हणजे क्यूव्हीओचीही लिहिण्याची मर्यादा गाठायला सुमारे ऐंशी वर्षे लागतील. क्यूव्हीओची अडचण अशी की तिचा सुमारे ७८ जीबीचा वेगवान भाग भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला १६० मेगाबाइटवर उतरतो. एखादी एसएसडी निकामी होऊन तिच्या जागी नवी क्यूव्हीओ भरायची झाली तर ४ टीबीसाठी सुमारे सात तास लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी एसएसडींचा एकत्र जोडलेला संच (रेड) सर्वांत असुरक्षित असतो. चित्रपट आणि जुने फोटो ठेवून फक्त वाचायचे असतील तर क्यूएलसी घ्यावी. व्हिडिओ संपादन किंवा व्हर्च्युअल मशीन असतील तर टीएलसीच घ्यावी. डेटा सेंटरमधून निघालेल्या वापरलेल्या एसएसडींमध्ये वीज अचानक गेली तर लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर असतात, हा त्यांचा मोठा गुण आहे, मात्र त्या स्वस्थ असतानाही प्रत्येकी एक वॉटच्या आसपास घेतात.

जुनी सर्व्हर वर्गाची साटा-सॅस कार्डे (जास्तीच्या डिस्क जोडण्याची कार्डे) या कामासाठी घेऊ नयेत: ती एकटीच दहा वॉटच्या आसपास जाळतात आणि थंड राहण्यासाठी वाहती हवा मागतात. १० गिगाबिट हवेच असेल तर तांब्याच्या आरजे४५ पोर्टऐवजी एसएफपी प्लस पोर्ट आणि दोन्ही टोकांना त्याचेच प्लग असलेली छोटी डॅक केबल घ्यावी, तिथेही काही वॉट वाचतात.

पॉवर सप्लायवरील गोल्डचा शिक्का पाहून फसू नये. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या मानांकनात गोल्ड श्रेणीची चाचणी क्षमतेच्या २० टक्के भारापासून सुरू होते, आणि ५५० वॉटच्या सप्लायवर १५ वॉटचा सर्व्हर म्हणजे तीन टक्केही भार नाही. अशा वेळी १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि पिको प्रकारचा लहान सप्लाय बरा पडतो. एवढेच की अडीच इंची एसएसडी ५ व्होल्टवर चालतात, म्हणून त्या वाहिनीची अँपिअर क्षमता आधी तपासावी.

२.५ गिगाबिटचे नेटवर्क आणि चार एसएसडी एवढीच गरज असेल तर चांगल्या साटा चिपचा एन१०० बोर्ड आणि टीएलसी साटा एसएसडी ही जोडी मी निवडेन. १० गिगाबिट किंवा सहाहून अधिक एसएसडी दिसत असतील तर आय३. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीचे तापमानच चाळिशीच्या पुढे जाते, आणि एसएसडीची कार्यमर्यादा बहुधा ७० अंशांची असते, तेव्हा तिथे पूर्णपणे पंखाविरहित पेटीचा हट्ट न धरता १२० मिलिमीटरचा एक पंखा अगदी मंद फिरवावा. मीटरभर अंतरावरून त्याचा आवाज जाणवतही नाही. आणि वीज जाणाऱ्या प्रत्येक गावात यूएसबीने सर्व्हरला सूचना देणारा यूपीएस याच अंदाजपत्रकात धरावा, कारण नुसता इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळवत नाही.