कॉल ग्राफ काढू की फ्लेम ग्राफ?

प्रोग्राम रखडतोय, प्रोफायलर (कुठल्या फंक्शनात किती वेळ जातो ते मोजणारं टूल) चालवून झालाय आणि समोर चार-पाचशे ओळींचा तक्ता आलाय. तो वाचत बसू नका, चित्र काढा. कोणतं, एवढंच ठरवायचंय.

फरक समजायला दादर घ्या. रेल्वेच्या नकाशावर वेस्टर्न असो वा सेंट्रल, दादर एकदाच येतं. कॉल ग्राफ तसाच: एका फंक्शनला एकच चौकोन, मग कॉल कुठूनही येवो; कोण कोणाला बोलावतं ते बाण दाखवतात. फ्लेम ग्राफ नकाशा काढत नाही, प्रवास मोजतो. त्याच्या लेखी चर्चगेटहून गाठलेलं दादर वेगळं आणि सीएसएमटीहून गाठलेलं वेगळं. प्रत्येक वाटेवरच्या फंक्शनला एक आडवी पट्टी, जितका वेळ जास्त तितकी ती रुंद.

अंधेरीच्या ऑफिसात रात्री नऊ वाजता मला हा फरक नीट कळला. पायथॉनमधला एक रिपोर्ट काही केल्या संपेना. पाय-स्पाय या पायथॉनच्या प्रोफायलरने फ्लेम ग्राफ काढला, तर नुसत्या बारीक पट्ट्या, नजर ठरावी असं रुंद काहीच नाही. मग सीप्रोफाइल या पायथॉनच्याच दुसऱ्या प्रोफायलरचा डेटा, त्याचा कॉल ग्राफ बनवणाऱ्या जीप्रोफ-टू-डॉटमधून, चित्र काढणाऱ्या ग्राफविझला दिला. मधोमध एक लालभडक चौकोन, त्यात अकरा बाण घुसलेले. तारीख वाचणारं दोन ओळींचं फंक्शन! जो तो त्यालाच हाक मारत होता, तीही त्याच त्या तारखांसाठी. एकदा वाचलेली तारीख साठवून ठेवली आणि काम झालं. अर्थात सीप्रोफाइल प्रत्येक कॉल टिपतो, त्यामुळे छोट्या फंक्शनांचा टक्का फुगतो. म्हणून प्रोफायलर बंद करून पुन्हा वेळ मोजली, तेव्हाच विश्वास बसला.

कॉल ग्राफच्या चौकोनात फंक्शनच्या नावाखाली वेळेचे एकूण टक्के असतात (त्याने बोलावलेल्यांसकट), कंसात त्याचे स्वतःचे. एकूण ८०, स्वतःचे १, तर तो मुकादम. राबणारे खाली आहेत, बाण धरून उतरा. ०.५ टक्क्यांखालचे चौकोन जीप्रोफ-टू-डॉट आपणहून गाळतं, तरी मोठ्या प्रोजेक्टात बाणांचा गुंता होतोच.

तिथे फ्लेम ग्राफ सरस. परफॉर्मन्स इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसची अडचण शोधताना तो काढला. चालू सर्व्हरवर पर्फ या लिनक्सच्या प्रोफायलरने सेकंदाला ९९ नमुने घ्या, म्हणजे त्या त्या क्षणी कोणतं फंक्शन चालू आहे ते टिपा. ग्राहकाला सहसा पत्ताही लागत नाही. सगळ्यात रुंद पट्टी धरा आणि वर चढा. फक्त डावीकडून उजवीकडे वेळ सरकते असं समजू नका. नेहमीच्या फ्लेम ग्राफात पट्ट्या अक्षरक्रमाने लागतात, आणि रंग बहुधा नुसते शोभेचे.

डेटाबेसची वाट पाहण्यात वेळ जात असेल, तर पर्फचे हे सीपीयू-नमुने गप्प बसतात. पाय-स्पायही झोपलेले, म्हणजे वाट पाहत थांबलेले, थ्रेड सोडून देतो. सीप्रोफाइल घड्याळाची वेळ धरतो, म्हणून त्याच्या ग्राफात ती वाट दिसते.

थोडक्यात, लाइव्ह सर्व्हर किंवा खोल स्टॅक (एकातून एक कॉलांची लांब साखळी) असेल तर मी फ्लेम ग्राफ काढतो. पट्ट्या विखुरलेल्या दिसल्या की कॉल ग्राफ, तोही एसव्हीजीत. पीएनजी झूम केली की नावं फुटतात.