क्विन्सी मार्केट की पाइक प्लेस?

भारतातून आई-बाबा आले की बॉस्टनला न्यावं की सिएटलला, असं गेल्या महिन्यात दोघा मित्रांनी विचारलं. दोन्ही शहरांत धक्क्याजवळचा जुना बाजार आहे आणि दोन्ही पाडापाडीतून वाचलेत. मी बाबांना दोन्हीकडे नेलंय.

देखणेपणात बॉस्टन पुढे. १८२६ साली पुरी झालेली क्विन्सी मार्केटची लांबलचक ग्रॅनाइटची इमारत, मधला घुमट, बाहेर कसरतींचे खेळ. घाऊक व्यापारी निघून गेल्यावर ओस पडलेली ही जागा १९७६ मध्ये विकासक जेम्स राउझ आणि वास्तुविशारद बेंजामिन थॉम्पसन यांनी पुन्हा नांदती केली. सगळं सपाट, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. समुद्र मात्र भराव पडत गेल्याने लांब गेलाय.

पण बाबांच्या खिशात कायम एक कापडी पिशवी असते. बाजारात शिरलं की ती उघडायची. इथे खाऊचे ठेले होते, टी-शर्ट होते. पिशवीत घालावं असं गाजर काही दिसेना. भाजीवाले शेजारी हेमार्केटला बसतात, पण शुक्रवारी-शनिवारी. आम्ही गेलो मंगळवारी. पिशवी घडीसकट परत आली, आणि बाबा दिवसभर म्हणत राहिले, "बाजार कुठे होता?" मला ते फार लागलं.

सिएटलचा पाइक प्लेस १९०७चा. दलाल टाळून शेतकऱ्यांनी थेट विकावं म्हणून सुरू झालेला. तिथे टोलेजंग इमारती उठायच्या होत्या, पण १९७१ मध्ये लोकांनी मतदान करून बाजार राखला. शेतकऱ्यांना आजही दिवसाच्या भाड्याने ओटे मिळतात. कमी उत्पन्नाची म्हातारी माणसं बाजारातच राहतात, त्यांचा दवाखानाही तिथेच. म्हणून पर्यटकांच्या गर्दीतही कोणीतरी रात्रीच्या जेवणासाठी भाजी निवडत असतं.

चढउतार आहे, मासेवाले एकमेकांकडे मासे फेकतात तिथे तर मुंगीलाही वाट नाही. समुद्राकडे उतरायला २०२४ पासून ओव्हरलूक वॉक हा उंचावरचा पादचारी रस्ता झालाय, तेवढी सोय.

बाबांनी चेरी घेतल्या, आईने फुलांचा गुच्छ. चेरीवाल्याला बाबांनी पाणी कुठून देता, तोडणी कधी करता, सगळं विचारलं, मी दुभाषी. वीस मिनिटं गेली.

गुडघे फारच दुखत असतील तर बॉस्टन बरं, हे मान्य. नाहीतर मी सिएटलच म्हणेन. सकाळी दहाच्या सुमारास जा, आणि पिशवी मोठी न्या.