वकील तालुक्याचा की जिल्ह्याचा?

बांधावरच्या मारामारीत चुलतभावावर गुन्हा दाखल झालाय, वकील कुठला करू, असं एका मित्राने विचारलं. तालुक्याचा आणि जिल्ह्याचा वकील यांची तुलना आधी कलमं बघून करावी.

साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी असेल तर खटला तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच चालतो. तिथे खरी डोकेदुखी तारखांची. तालुक्याचा वकील रोज त्याच कोर्टात असतो, कोर्टाच्या कागदांच्या नकला लवकर काढतो, जामीनदाराची कागदपत्रं कशी लागतात हे त्याला पाठ असतं. जिल्ह्याच्या वकिलाला दर तारखेला फी अधिक गाडीखर्च, आणि बऱ्याचदा येतो त्याचा ज्युनियर. 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत' असं सांगणारा मात्र दोन्हीकडे भेटतो, त्याला टाळा.

खुनाचा प्रयत्न (भारतीय न्याय संहिता, कलम १०९) लागला की गणित बदलतं. खटला सत्र न्यायालयात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या जिल्हा पातळीवरच्या कोर्टात, जातो. उलटतपासणीचा सराव असलेला माणूस लागतो. अटकपूर्व जामीनही सत्र किंवा उच्च न्यायालयातच मिळतो. गावात दोन्ही पार्ट्यांशी घरोबा असलेला वकील इथे अडचणीचा.

फी टप्प्यांनुसार, जामिनाची वेगळी आणि खटल्याची वेगळी, लिहून घ्या.

किरकोळ, तडजोडीच्या प्रकरणाला तालुक्याचा. गंभीर कलमाला सत्र न्यायालयात नेहमी उभा राहणारा, सोबत तारखा सांभाळायला स्थानिक. पैसेच नसतील आणि आरोपी कोठडीत असेल, तर उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच अर्ज करता येतो.