टोमॅटोचा घरगुती संकर: अठरा महिन्यांनंतरचा हिशेब

आधी निकाल सांगते, मग हकिकत. टोमॅटोच्या दोन वाणांचा घरी संकर करणं अवघड नाही. हात बसला की एका फुलाला तीन मिनिटं पुरतात. अवघड आहे ते पुढचं: हौसेने उगवलेल्या पन्नास रोपांतली चाळीस स्वतःच्या हाताने उपटणं. ते जमत नसेल तर या भानगडीत पडू नका, नुसते टोमॅटो लावा आणि खा.

माझ्याकडे दोन वाण होते. एक मोठा गुलाबी, फळ साधारण १६० ग्रॅमचं, पान बटाट्याच्या पानासारखं रुंद आणि बिनकातरलेलं. चव उत्तम, पण वेल डोक्याच्या वर जाई आणि दर चार दिवसांनी बांधावा लागे. दुसरा बुटका, गुडघ्याएवढा, जाड खोडाचा, गडद चुरगळलेल्या पानांचा. त्याला बारा-बारा ग्रॅमची पिवळी फळं यायची, गोड. मला हवं होतं बुटकं झाड आणि त्यावर मोठं फळ. दोन्ही सरळ वाण होते, म्हणजे बी पेरलं की पुन्हा तसंच झाड देणारे, हे महत्त्वाचं. आई-बाप स्वतःच हायब्रीड असतील तर पहिल्याच पिढीत इतकी खिचडी होते की काय कुठून आलं ते कळत नाही.

ही कल्पना माझी नव्हे. बुटक्या झाडाला मोठं, चवदार फळ आणायचं म्हणून अमेरिकेतले क्रेग लेहुलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नुस्के-स्मॉल यांनी २००५ च्या सुमारास हौशी माणसांना जोडून ‘ड्वार्फ टोमॅटो प्रोजेक्ट’ सुरू केला. पृथ्वीच्या दोन अर्धांत ऋतू उलटे, त्यामुळे बी इकडून तिकडे पाठवून वर्षाला दोन पिढ्या काढता येत. मी एकटीच, आणि जागा म्हणजे दहा-बारा पिशव्यांची.

सामान फारसं लागत नाही. टोकदार चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, रंगीत दोरा, एक छोटा चमचा आणि बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश. चिमट्यात कंजुषी करू नका. माझ्या पहिल्या चिमट्याची टोकं एकमेकांना नीट भिडत नव्हती, आणि त्यापायी पहिली सहा फुलं वाया गेली.

आता फुलाविषयी जरा सविस्तर, कारण सगळा खेळ इथेच आहे. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं. पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची पिवळी नळी होते आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत असतो. पराग आतल्या आत सांडतो, म्हणून वाण वर्षानुवर्षं शुद्ध राहतो. आपल्याला आईच्या (माझ्याकडे मोठ्या गुलाबीच्या) फुलातली ती नळी पराग सांडायच्या आधी काढायची असते. कळी पाहावी ती उद्या उमलणारी: पाकळ्या फिक्या पिवळ्या, टोकं नुकती सुटू लागलेली, आतली नळी अजून हिरवट. नळी गर्द पिवळी दिसली की उशीर झाला, ते फूल सोडून द्या. चिमट्याने पाकळ्या बाजूला करायच्या, नळीच्या बुडाशी एका बाजूने टोक घालायचं आणि हलकेच उचलायचं. नळी बहुतेक वेळा फाटून दोन-तीन तुकड्यांत येते. मध्ये उरतो तो हिरवा नाजूक दांडा आणि त्याच्या टोकाची, पराग झेलणारी कुक्षी. माझ्या वाया गेलेल्या सहा फुलांत हा दांडाच नळीबरोबर उपटला जात होता.

मग बापाचं पूर्ण उमललेलं फूल घ्यायचं, त्याच्या देठाला ब्रशचा चालू दांडा टेकवायचा आणि खाली चमचा धरायचा. चमच्यात पिठासारखी पिवळट भुकटी पडते. फार नाही, पण पुरते. कुक्षी त्यात टेकवायची आणि भिंगातून पाहायची. टोक पिवळं दिसलं की झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करावं. फुलामागच्या हिरव्या दलांतली दोन कापून टाकायची, म्हणजे दोरा गळून पडला तरी फळ पिकेपर्यंत ओळख राहते. ही कापलेली दलं मला दोऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

हिशेब असा: चौदा फुलं केली, तीन फळं धरली. सहा माझ्या चिमट्याने मारली, उरलेली बहुतेक उन्हाने. रात्रीसुद्धा गरम राहू लागलं की टोमॅटो फूल टाकतो, देठाच्या गाठीपासून सरळ गळतं. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर गेला की मी आता चिमटा हातातच घेत नाही. तीनपैकी एका फळाला बुडाशी काळा डाग पडला. दोन पिकली, साधारण पन्नास दिवसांनी. बी निघालं ६३.

पहिल्या पिढीची आठ रोपं लावली आणि इथे बटाट्यासारख्या पानाने मोठं काम केलं. ते पान मागे पडणारा गुण आहे, म्हणजे दोन्हीकडून आला तरच दिसतो. आई त्या पानाची, बाप साध्या कातरलेल्या पानाचा. संकर खरा झाला असेल तर सगळी पोरं साध्या पानाची यायला हवीत. सात तशी आली. आठव्याला रुंद पान! म्हणजे त्या फुलात माझ्या आधीच आईचा पराग सांडला होता. ते रोप तीन आठवड्यांचं असतानाच उपटलं. असा पुरावा नसता तर मी ते चार महिने पोसलं असतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला माझा एकच आग्रह आहे: मागे पडणारा आणि रोपातच दिसणारा गुण आईकडे असू द्या.

फळं आली तेव्हा मात्र गंमत झाली. आई गुलाबी, बाप पिवळा आणि पोरं झाडून सगळी लालभडक. मला वाटलं, चुकलं काहीतरी. चुकलं नव्हतं. गुलाबी टोमॅटोचा गर लालच असतो, फक्त साल बिनरंगी असते. पिवळ्याची साल पिवळी आणि गरही पिवळा. पोराला आईकडून लाल गर मिळाला आणि बापाकडून पिवळी साल. दोन्ही गुण पुढे येणारे. लाल गरावर पिवळी साल म्हणजेच आपला नेहमीचा लाल टोमॅटो.

वजनानेही निराशा केली. १६० आणि १२ ची सरासरी ८६. माझी फळं भरली ४० ते ४५ ग्रॅम. टोमॅटोच्या संकरात वजन साध्या सरासरीवर न जाता लहान बाजूकडे झुकतं. गुणाकाराचं वर्गमूळ काढलं तर ४४ येतं, आणि ते जवळपास बरोबर ठरलं. झाडंही सगळी उंच. या पिढीत माझ्या कामाचं काहीच दिसत नव्हतं. घरच्यांनी विचारलं, एवढा खटाटोप करून बाजारात मिळतो तसाच टोमॅटो काढलास का? उत्तर नव्हतं.

खरा तमाशा दुसऱ्या पिढीत. पहिल्या पिढीच्या फळांतल्या साठ बिया पेरल्या, ५२ उगवल्या. बुटकेपणाही मागे पडणारा गुण, चारातल्या एकाला मिळतो. ट्रेमध्येच कळतं: खोड जाड, पान गडद, सुरकुतलेलं, पेर आखूड. मोजली तर १४ निघाली. हिशेबाने १३ हवी होती. इतकं बरं वाटलं की दोनदा मोजली. उरलेली ३८ उपटली. चौदा बुटक्यांपैकी पाच वाटली आणि नऊ पिशव्यांत लावली.

नवातल्या एकाची पानं महिन्याभरात आकसून वर वळली आणि शेंडा खुंटला. पांढरी माशी आली होती, ते झाड लगेच काढलं. आठांत पाच लाल, दोन पिवळी, एक गुलाबी. फळं १४ पासून ५८ ग्रॅमपर्यंत. ५८ ग्रॅमचं फळ नेमकं गुलाबी बुटक्याला! उड्या मारायच्याच राहिल्या होत्या. मग कापून खाल्लं. पाणी. ना आंबट, ना गोड. चव होती ती २८ ग्रॅमच्या पिवळ्याला, आणि कच्चेपणी त्याच फळाच्या खांद्यावर, म्हणजे देठाजवळ, गडद हिरवा पट्टा होता. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात हेच आहे: फळ एकसारखं पिकावं म्हणून निवडलेल्या वाणांत हा हिरवा खांदा देणारं जनुक निकामी असतं, आणि त्याबरोबर फळातली साखरही थोडी घटते. माझ्या एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, पण आता कच्च्या फळाचा खांदा बघितल्याशिवाय मी वहीत खूण करत नाही.

जागेची अडचण इथे बोचते. बुटकं चारात एक. गुलाबीला लाल गर (चारात तीन) आणि बिनरंगी साल (चारात एक) दोन्ही हवं, म्हणून ते सोळात तीन. म्हणजे दोन्ही एकत्र हवं तर चौसष्टांत तीन. त्यात मोठं फळ आणि चव मागायची तर शेकड्यांनी रोपं हवीत. पिशव्या मात्र बाराच.

लागवडीबद्दल थोडक्यात. बुटक्याला वीस लिटरची पिशवी पुरते, उंच वेलाला तीसही कमी पडते. बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणाऱ्या फांद्या, फक्त उंच झाडांच्या काढायच्या, बुटक्यांच्या नाही. बुडाचा काळा डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने पडतो, पण माझ्याकडे कारण खताचं नव्हतं, पाण्याचं होतं: दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी पूर. रोज ठरावीक पाणी आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन केल्यावर डाग जवळजवळ थांबले. मधमाशी टोमॅटोच्या फुलाला थरथरवत नाही, भुंगा थरथरवतो. जिथे भुंगे येत नाहीत तिथे सकाळी घोसाला तोच ब्रश लावावा, फळधारणेत फरक दिसतो.

बी काढताना गर आणि बी भांड्यात दोन-तीन दिवस आंबवायचं. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो, तो सुटतो. वास भयंकर येतो. मग धुऊन गाळणीवर घ्यायचं आणि ताटलीत वाळवायचं, कागदावर नको, चिकटतं. आणि नाव पेन्सिलीने लिहा. ‘पर्मनंट’ म्हणवणारा मार्कर उन्हात तीन महिन्यांत उडाला. माझ्या दोन पिशव्या त्यामुळे अनाथ झाल्या.

आणखी एक ऐकीव गोष्ट खोडून टाकते. हायब्रीड टोमॅटोचं बी वांझ असतं, असं लोक ठासून सांगतात. नसतं. छान उगवतं, फक्त आईसारखं येत नाही. हौस असेल तर त्यातूनही सुरुवात करता येते, आणि पहिला संकर कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.

आता तिसरी पिढी ट्रेमध्ये आहे, गुलाबीची बारा आणि पिवळ्याची बारा रोपं. मागे पडणाऱ्या गुणाची ही सोय असते की एकदा दिसला म्हणजे पक्का झाला. बुटक्याच्या पोटी बुटकंच. त्यामुळे चोवीसच्या चोवीस रोपं जाड आणि आखूड यायला हवी होती. तेवीस आली. पिवळ्याच्या रांगेतलं सातवं सडसडीत, लांब पेराचं, बाकीच्यांच्या वर मान काढून उभं आहे. भुंग्याने शेजारच्या उंच वेलाचा पराग आणला, की मी गाळणी न धुता दुसरं बी त्यात ओतलं, सांगता येत नाही. गाळणीचाच संशय जास्त आहे. नियमाने ते उपटायला हवं. दोनदा हात गेला, पण अजून ट्रेमध्येच आहे.