मुंबई ते नेवार्क 14 तास? अंतर मोजणाऱ्या वेबसाइटचा अनुभव

एसटीत 32 वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. त्यामुळे प्रवास म्हटला की आधी किलोमीटर आणि रनिंग टाइम. मुलीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं, जावयांनी तिकिटं काढली आणि मी दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारी एक फुकटची वेबसाइट उघडून बसलो.

अंतराला पैकीच्या पैकी मार्क. मुंबई ते न्यू जर्सीतलं नेवार्क साडेबारा हजार किलोमीटरच्या थोडं वर, सोबत नकाशावर रेघ. मला वाटलं होतं रेघ सरळ पश्चिमेला जाईल. ती चढली उत्तरेला! रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं खालचं टोक आणि मग कॅनडातून खाली. ही म्हणाली, "मुलीकडे नेताय की उत्तर ध्रुवावर?" माळ्यावरून मुलीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला, दोन टोकांना दोरा ताणून धरला. दोरा त्याच वाटेनं गेला. सपाट नकाशावर कमानीसारखी दिसणारी वाटच खरी जवळची, हे मला 68व्या वर्षी कळलं.

वेळेचं मात्र अवघड आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ताशी 900 किलोमीटर धरून. म्हणजे नुसता भागाकार, उत्तर जवळजवळ 14 तास. जायलाही तेवढेच, यायलाही तेवढेच. अहो, पसरणी घाटातून पाचगणीला चढणारी गाडी आणि वाईला उतरणारी गाडी सारख्याच वेळात येईल, असं कुठला ड्रायव्हर म्हणेल?

वरही घाट असतो, हे सीटसमोरच्या स्क्रीनवर दिसलं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून, वेग 840च्या पुढे सरकेना. ऑक्टोबरात परतताना तोच पाठीशी. एकदा तर 1,040 आकडा पाहिला. त्यात एप्रिल 2025मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केलेली आणि आम्ही निघालो पुढच्याच महिन्यात. मग कसली ती कमान! अरबी समुद्रावरून, आखाताकडून वळसा. जायला 16 तास 20 मिनिटं लागली, यायला 14 तास 35.

या भागाकाराच्या भरवशावर मी हिच्या गोळ्या मोजून हातातल्या पर्समध्ये ठेवल्या, बाकीची पाकिटं मोठ्या बॅगेत. बॅग विमानाच्या पोटात. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग दीड तासाची. गोळीची वेळ कधीच टळून गेलेली. मुलीनं भेटल्या भेटल्या विचारलं, "बाबा, तिकिटावर वेळ छापलेली असते ना?" असते. पण रात्री एकला निघून त्याच सकाळी साडेसातला पोहोचणार, असं छापलेलं पाहून माझा तिकिटावर विश्वास बसला नव्हता. आपल्या आणि तिथल्या घड्याळातल्या साडेनऊ तासांच्या फरकाचा हिशोब वेबसाइट नीट सांगते, हिवाळ्यात तो साडेदहा होतो हेसुद्धा. तो रकाना मी शेवटपर्यंत वाचला नाही, एवढी चूक माझी.

5 पैकी 3 तारे. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दाखवायला लागले की चौथा देईन. आणि 'आता शोधा'च्या बटणाला चिकटून गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात ठेवता, ती जरा बाजूला सरकवा. तीनदा तिच्यावरच बोट पडलं.