महिनोन्‌महिने गॅरेजात राहून आलेली गाडी स्टार्ट होत नाही: आता कोणाकडे न्यायची?

पेरणी तोंडावर आलेली, कृषी केंद्रातून बियाणं आणायचंय, आणि गाडी दोन-तीन महिन्यांपासून तालुक्याच्या मिस्त्रीकडे. "पार्ट आला नाई भाऊ, नागपूरहून मांगवला हाय," हे ऐकून ऐकून कान किटलेले. शेवटी गाडी घरी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारून मारून पोटरी भरून येते, पण इंजिन काही बोलत नाही. अशा वेळी कोणी त्याच मिस्त्रीकडे भांडायला जातं, कोणी गाडी ढकलत दुसऱ्या गॅरेजात नेतं, तर कोणी छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) टाकून यवतमाळ, वर्धा नाहीतर अमरावतीच्या कंपनी सर्व्हिस सेंटरला पाठवतं. या तिन्ही वाटा आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणती धरायची, हे मी दोन गोष्टींवरून ठरवायला सांगेन: दुरुस्तीत काय खोललं होतं, आणि गाडी कार्बोरेटरची (जुनी साधी पद्धत) आहे की इंजेक्शनची (सेन्सर आणि कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारी नवी). मिस्त्रीवरचा राग यात मोजू नका, कारण तो पैसे वाढवतो.

कुठेही नेण्याआधी घरच्या घरी

पहिला संशय बॅटरीवर घ्या. मोटरसायकलची बॅटरी लहान असते, ती नुसती उभ्या गाडीत दोन-तीन महिन्यांत उतरते. मिस्त्रीने देताना दुसऱ्या बॅटरीवर किंवा चार्ज करून स्टार्ट करून दाखवलं असेल, तर घरी ती मुकी होणारच. हॉर्न बसका वाजतो का, सेल्फ दाबल्यावर नुसतं कटकट होतं का, ते बघा. मीटर असलेला कोणी ओळखीचा असेल तर मोजून घ्या: चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. मध्ये थोडा दम घेऊ द्या.

किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड आणि पेट्रोलचा कॉक हेही त्याच वेळी पाहून घ्या. हे सांगताना संकोच वाटतो, पण दुरुस्तीत टाकी काढली की कॉक बंद करतात आणि तो तसाच राहून जातो. बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांमध्ये स्टँडचा सेन्सर असतो. त्याची वायर जोडायची राहिली तरी बाकी सगळं ठीक असून गाडी स्टार्ट होणार नाही.

मग पेट्रोल. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीने गॅरेजच्या पत्र्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरला पेट्रोल तळातूनच जातं. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून ताजं भरा. थर दिसला नाही आणि पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असला तरीही बदला. जुनं पेट्रोल कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट होऊन बसतं, म्हणून अशा गाडीला कार्बोरेटर एकदा साफ करावाच लागतो.

कार्बोरेटरच्या गाडीत करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, हीही घरीच बघता येते. काही सेकंद किक मारून झाल्यावर प्लग काढा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतं आहे आणि करंट तपासायचा. प्लग पुसून कॅपमध्ये बसवा, त्याची चुडी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब धरा, हात फक्त रबरी कॅपवर ठेवा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळसर, टणटणीत ठिणगी उडाली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी असेल किंवा अजिबात नसेल तर दोष प्लग, कॅप, कॉइल किंवा वायरिंगमध्ये. इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग नको. ते काम स्कॅनरवाल्याला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचणाऱ्याला) करू द्या.

शेवटी प्लग परत घट्ट बसवा आणि किक हाताने हळू दाबा. मधे अडकून जोर लागला पाहिजे. कसलाच अडथळा न येता ती खाली गेली तर कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही, आणि हे उत्तर पुढचा सगळा निर्णय बदलतं.

त्याच मिस्त्रीकडे

बोर-पिस्टन, हेड, टायमिंग चेन, वाल्व यांपैकी काही खोललं असेल आणि आता कंप्रेशन नसेल किंवा इंजिनातून विचित्र आवाज येत असेल, तर गाडी त्याच्याकडेच परत न्या. टॅपेट (वाल्व दाबणारे भाग) घट्ट बसवले की वाल्व पूर्ण मिटत नाही, चेन एक दात पुढेमागे बसली की टायमिंग चुकतं. दोन्ही गोष्टी खोलणाऱ्यालाच लवकर सापडतात, कारण आपण काय हलवलं ते त्याला ठाऊक असतं. या अवस्थेत धक्का मारून स्टार्ट करू नका. टायमिंग चुकलेलं असेल तर वाल्व पिस्टनला लागून वाकू शकतो, आणि मग जबाबदारी कोणाची हा वाद सुरू होतो.

जाताना आरोप घेऊन जाऊ नका, तपासणीचे निकाल घेऊन जा. "भाऊ, करंट येतो, पेट्रोल येतं, पण कंप्रेशन नाई. टॅपेट तुमच्याकडूनच लावले होते ना, एकदा बघता का?" असं म्हटल्यावर त्याला पळवाट राहत नाही आणि मानही राहतो. गावात माणूस तोच, उद्या ट्रॅक्टरचंही काम त्याच्याकडेच असतं. मात्र तीन गोष्टी मागा: बदललेले जुने पार्ट, कामाची लिहिलेली यादी आणि एक ठरलेला दिवस. त्याच कामाचे दुसऱ्यांदा पैसे मागितले, किंवा ठरलेला दिवस दोनदा टळला, तर त्याच्याकडचं काम थांबवा.

दुसऱ्या मिस्त्रीकडे

कंप्रेशन आहे पण करंट नाही, अशा गाडीला ही वाट सर्वांत स्वस्त आणि लवकरची. इंजिन मिस्त्रीपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा. दारव्हा, दिग्रस, आर्णी, पांढरकवडा अशा बाजाराच्या गावांत तो बहुधा मिळतोच. लांबलेल्या दुरुस्तीनंतर अर्थची वायर बोल्टखाली लावायची राहिलेली असते, टाकीखालचा कपलर (वायरींचा जोड) अर्धाच बसलेला असतो, उंदरांनी वायर कुरतडलेली असते. अर्थच्या वायरीला टोकाशी गोल कडी असते. ती इंजिन किंवा चेसीवरच्या बोल्टखाली घट्ट आवळलेली हवी. रंगावर बसवली किंवा सैल राहिली तरी सेल्फ फिरत नाही किंवा करंट तुटत राहतो.

इंजिनच्या आतल्या दोषासाठी मात्र दुसऱ्याकडे जाण्यात तोटा आहे. मजुरी दुप्पट, आणि पहिला म्हणणार, "त्यानं हात लावला, आता माह्यावर नको." नाइलाज असेल तर आधी सांगा, "खोलू नका, फक्त काय वाटतं ते सांगा." खोलायचंच ठरलं तर प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला

इंजेक्शनची गाडी असेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर घेतलेल्या बहुतेक नव्या मोटरसायकली, तर माझं मत सरळ इकडे. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाचा गूंऽऽ आवाज यायला हवा. तो आला नाही किंवा इंजिनचा पिवळा दिवा विझत नसेल, तर स्कॅनरशिवाय अंदाज करत पार्ट बदलणं हा निव्वळ खर्च. आपल्या भागातले जुने मिस्त्री कार्बोरेटरवर हात बसलेले असतात. त्यांच्याकडून इंजेक्शनच्या गाडीत चाचपडून काम करून घेणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला मात्र मी तिकडे पाठवणार नाही. दुसऱ्याने खोललेलं इंजिन म्हटलं की तिथे बरेचदा पूर्ण खोलण्याचंच एस्टिमेट मिळतं, शिवाय छोट्या हत्तीचं जायचं-यायचं भाडं आणि गाडी परत आणायला एक दिवस मोडतो. म्हणून भाडं ठरवण्याआधी फोन करा: बाहेर खोललेली गाडी घेता का, तपासणीचे किती, एस्टिमेट लेखी देता का. नव्या खर्चाचा आकडा गाडीच्या बाजारातल्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर दुरुस्ती सोडून आहे त्या स्थितीत विकणं बरं.

तिन्हीकडे पैसे अडकले तर

गाडी आणि पैसे दोन्ही अडवून ठेवल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कामी येतो. चुकीची दुरुस्ती ही सेवेतली त्रुटी. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि कामासाठी दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलून घ्या. दुसरी बाजूही ध्यानात असू द्या: करार कायदा, १८७२ प्रमाणे ठरलेलं काम नीट केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. त्यामुळे पैसे थकवून गाडी मागणं चालत नाही. बिल नसेल तर यूपीआयचा पुरावा आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका.

आणि यावेळी गाडी ताब्यात घेताना सकाळीच जा, आदल्या दिवशी सांगून ठेवा की माझ्यासमोर थंड इंजिनवरच स्टार्ट करा. आपण पोचायच्या आधी गरम केलेली गाडी चटकन स्टार्ट होते, म्हणून सिलिंडरला हात लावून बघा. थंड लागला तर किक मारायला सांगा. गरम लागला तर ती निवेपर्यंत बाकावर बसा, चहा घ्या आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्या.