अरेका पाम: बेळगावच्या घरात घ्यावा का, आणि घेतला तर कसा टिकवावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही नर्सरीत ‘हॉलमध्ये ठेवायला झाड दाखवा’ म्हटलं की पुढ्यात अरेका पाम येतो. तीन-चार फूट उंच, भरगच्च, आणि त्या उंचीच्या मानाने स्वस्त. झाड चांगलंच आहे. चुकते ती ते ठेवण्याची जागा. सोफ्यामागचा कोपरा, जिन्याखालचा अंधार, माजघराची आतली भिंत अशा ठिकाणी अरेका तीन-चार महिने तग धरतो, कारण तेवढे दिवस तो नर्सरीतल्या उजेडात साठवलेल्या शिदोरीवर जगत असतो. शिदोरी संपली की खालच्या झावळ्या एकेक करून पिवळ्या पडतात आणि दोष पाण्याला नाहीतर खताला लागतो.

म्हणून निकाल आधीच सांगतो. पूर्वेची किंवा उत्तरेची मोठी खिडकी असेल तर अरेका जरूर घ्या. नसेल तर तेवढ्याच पैशात लहानसा का होईना, कमी उजेडात टिकणारा रॅपिस पाम घ्या.

नावाचा एक घोळ आधी मिटवू. अरेका म्हटलं की सुपारी आठवते, पण सुपारीचं झाड वेगळं. घरात ठेवतात तो डिप्सिस ल्युटेसेन्स, मूळचा मादागास्करचा. तिथल्या दमट जंगलात वाढणारा असल्याने त्याला हवेत ओल लागते, पण मुळाशी साचलेलं पाणी खपत नाही. बेळगावात पावसाळ्याचे चार महिने हवेतली ओल आयती मिळते, आणि जास्तीत जास्त अरेका मरतात तेही त्याच चार महिन्यांत.

खरेदी करताना दांड्यांचा रंग बघा. दांडे पिवळेधमक आणि पानं पोपटी असतील तर झाड कडक उन्हात वाढलंय. ते थेट घरात आणलं की दोन महिन्यांत निम्म्या झावळ्या टाकतं. शेडनेटखाली वाढलेल्याचे दांडे हिरवट आणि पानं गडद असतात. घरासाठी तेच निवडा. दांड्यांवर काळे बारीक ठिपके दिसतात, त्याला बरेच जण रोग समजतात. नखाने खरवडा. निघाले नाहीत तर ते झाडाचे जन्मजात ठिपके आहेत. टरफलासारखे सुटून आले तर ती खवले कीड आहे; असं झाड परत ठेवा. मग मधला न उघडलेला कोंब चिमटीत धरून अगदी हलका ओढा. घट्ट असेल तर ठीक. हातात आला आणि बुडाला कुजका वास असेल तर त्या दांड्याचा गाभा सडलाय. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचं एकच टोक असतं. ते गेलं की ते खोड संपलं, बाजूने फांदी फुटत नाही. वरून छाटून झाड बुटकं ठेवता येत नाही, तेही याच कारणाने.

एका पिशवीत वीस-पंचवीस बारीक दांडे कोंबलेले असले की झाड दाट दिसतं. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या बियांची रोपं असतात आणि एकमेकांचं अन्न ओढतात. सहा-आठ जाड दांड्यांची पिशवी दिसायला विरळ असली तरी वर्षभराने तीच भरते.

आता माती. कडियमसारख्या आंध्रातल्या मोठ्या नर्सऱ्यांतून येणारी झाडं चिकट गाळमातीच्या गोळ्यात असतात. प्रवासात गोळा फुटू नये म्हणून ती माती सोयीची, घरात मात्र घातक. बाहेरची माती सुकलेली दिसते आणि गोळ्याच्या पोटात चिखल असतो. झाड आणल्यावर दोन-तीन आठवडे तसंच खिडकीपाशी राहू द्या. नंतर पिशवी फाडून गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा आणि बाहेरची जी माती आपसूक सुटेल तेवढीच सुटू द्या. मुळं खळखळून धुवायची नाहीत. पामची तुटलेली मुळं सावकाश भरून येतात, त्यामुळे मुळांचा गड्डा फोडला की झाड कित्येक महिने जागचं हलत नाही. कुंडी बदलण्याचा इथला चांगला काळ म्हणजे मे अखेर ते जूनचा मध्य: ऊब असते, हवा दमट होत असते आणि झड अजून लागलेली नसते.

८ इंची पिशवीतल्या झाडाला १० इंची कुंडी पुरे. मोठी दिली तर मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. १ लिटरच्या मगाने मोजून २ मग तांबडी माती, २ मग भिजवलेलं कोकोपीट, १ मग जाड वाळू, १ मग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं लागतं. खानापूर-बेळगाव पट्ट्यातली तांबडी माती यासाठी छान. निपाणी, चिकोडी, अथणीकडे आसपास काळी माती मिळते. ती कुंडीत अजिबात नको. भिजली की फुगून हवा कोंडते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते. त्यात मीठ असतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या. ही पायरी गाळणाऱ्यांच्या झाडाची टोकं पहिल्याच महिन्यात करपतात. झाड पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर लावा, बुंधा मातीखाली जाऊ देऊ नका, आणि वर इंचभर मोकळी जागा सोडा.

कुंडी खानापूरची मातीची घेतली तर फायदा दुहेरी. भिंतीतून ओल बाहेर पडते, म्हणून पावसाळ्यात मुळं वाचतात, आणि वजनामुळे उंच झाड कलंडत नाही. उन्हाळ्यात तिला प्लास्टिकपेक्षा लवकर पाणी लागतं, हे लक्षात ठेवा. बाहेरून पांढरी खार धरली तर पाण्यात क्षार जास्त आहेत हे कुंडीच सांगते. बुडाला भोक नसलेल्या चकचकीत सिरॅमिकच्या कुंडीत अरेका लावू नये.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. सकाळी अकराच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी सावली पडली तर अरेका जगेल आणि वाढेल. नुसता धुरकट डाग दिसला तर रॅपिसची जागा. सावलीच पडली नाही तर तिथे कुठलाच पाम नको. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत ठेवलेला अरेका उत्तम. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे पडदा हवाच; दुपारच्या उन्हाने पानावर पांढुरके चट्टे पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा.

पाणी वार लावून देऊ नये. बोट दीड इंच मातीत घाला. तिथवर कोरडं लागलं की १० इंची कुंडीला सव्वा लिटरपर्यंत, खालून निथळेपर्यंत द्या आणि पंधरा मिनिटांनी ताटली रिकामी करा. एप्रिल-मेमध्ये ही वेळ दोन-तीन दिवसांनी येते, जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांनीसुद्धा येत नाही. झडीच्या दिवसांत सूर्य दिसत नाही, झाड पाणी ओढत नाही, आणि सवयीने रोज घातलेल्या तांब्याभर पाण्याने मुळं कुजतात. मातीवर बारीक काळी चिलटं उडू लागली की पाणी जास्त होतंय हे नक्की.

टोकं करपण्याचं मुख्य कारण पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड. राकसकोप जलाशयातून बेळगावला येणारं नळाचं पाणी चालतं. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं तर टोकं जाणारच. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरिन जातो, क्षार जात नाहीत. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत पडली आहे. अरेकासाठी ते सगळ्यांत वाईट, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच एकवटलेले असतात. एसीचं टपकणारं पाणी चालतं. सर्वांत चांगलं म्हणजे कौलावरून पन्हळीत येणारं पावसाचं पाणी. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, मग पिंप भरून डास शिरणार नाहीत असं कापडाने बांधून ठेवा. बोअरशिवाय पर्याय नसेल तर दोन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत नेऊन तिच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी सावकाश ओता, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात.

दिवाळीनंतर पूर्वेकडचं कोरडं वारं सुटलं की लाल कोळी येतो. पान वरून फिकट, बारीक टिंबं पडल्यासारखं दिसतं. मागून पांढऱ्या कागदावर झटकलं तर मिरीच्या भुकटीपेक्षा बारीक ठिपके चालताना दिसतात. कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक त्याच्यावर लागू पडत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. आधी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि १-२ मिली पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. दर पाच-सात दिवसांनी असं तीनदा करावं लागतं, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत.

खताबाबत एकच आग्रह: पामला पोटॅश लागतो. जुन्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि वाळलेली टोकं दिसली तर पोटॅश कमी आहे. अथणीकडचे द्राक्षबागायतदार वापरतात ते १३:०:४५ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पोटॅशचे) खताच्या दुकानात सहज मिळतं. मार्च ते सप्टेंबर एका महिन्यात १९:१९:१९ आणि पुढच्या महिन्यात १३:०:४५, दोन्ही लिटरला १ ग्रॅम, ओल्या मातीवर. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि मध्य हिरवा असेल तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला २ ग्रॅम. नवं पानच पिवळं येत असेल तर खत वाढवू नका. बहुधा मुळं गुदमरली आहेत. अर्धवट पिवळी झावळी कापायची घाई नको. झाड तिच्यातला पोटॅश काढून नव्या पानाला देत असतं. पूर्ण वाळली की बुडाशी इंचभर ठेवून कापा.

‘हवा शुद्ध करतो’ म्हणून अरेका घेऊ नका. ज्या नासाच्या १९८९ च्या अहवालाचा दाखला देतात, त्यातले प्रयोग बंद पेटीतले होते आणि त्यातला पाम बांबू पाम होता.

रॅपिस हळू वाढतो आणि अरेकापेक्षा बराच महाग पडतो, पण कमी उजेडात तोच खरा टिकतो. टोकं करपण्याचा त्रासही कमी. टेबलावर ठेवायला मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा पार्लर पाम चांगला, मिळाला तर. फिनिक्सला काटे असतात आणि ऊनही भरपूर लागतं, तो अंगणातच बरा. आणि ‘सागो पाम’ म्हणून जो सायकस विकतात तो पाम नव्हेच. त्याचे सगळे भाग विषारी, बिया सर्वांत जास्त. घरात कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर तो आणूच नये. अरेका, रॅपिस आणि पार्लर पाम हे तिन्ही बिनविषारी आहेत.